प्रतिस्पर्ध्याविना वॉटर्लू: ‘कमांड्स अँड कलर्स: नेपोलिऑनिक्स’ एकट्याने खेळताना

नेपोलियनच्या काळातील लढाया टेबलावर मांडून खेळण्याचा छंद पुण्यात मोजक्या लोकांना आहे आणि त्या मोजक्यांच्या सवडीच्या वेळा जुळणे हे एखाद्या तहाच्या वाटाघाटींइतके अवघड काम आहे. माझ्यासमोर बसून फ्रेंच फौज चालवणारा भाचा नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला, तेव्हा कोथरूडच्या आमच्या घरातील खेळाची पेटी कपाटावर चढली आणि वर्षभर तिथेच राहिली. गेल्या पावसाळ्यात ती खाली काढली, ती दोघांचा खेळ एकट्याला कितपत मानवतो हे पाहण्यासाठी. त्यानंतरच्या आठ महिन्यांत जे हाती लागले, त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे.

‘कमांड्स अँड कलर्स: नेपोलिऑनिक्स’ हा रिचर्ड बोर्ग यांनी रचलेला खेळ अमेरिकेतील जीएमटी गेम्स या प्रकाशनसंस्थेने २०१० मध्ये बाजारात आणला. बोर्ग यांची ही पद्धत त्याआधीच रुळलेली होती. अमेरिकन यादवी युद्धावरचा ‘बॅटल क्राय’, दुसऱ्या महायुद्धावरचा ‘मेमॉयर ४४’ आणि प्राचीन काळातील लढायांवरचा ‘कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्स’ हे तिचे पूर्वावतार होत. मूळ पेटीत एका बाजूला फ्रेंच आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज व त्यांचे पोर्तुगीज साथीदार आहेत. स्पॅनिश, रशियन, ऑस्ट्रियन आणि प्रशियन फौजा पुढे वेगवेगळ्या पुरवण्यांतून आल्या. मी येथे केवळ मूळ पेटीविषयी बोलतो आहे, कारण एकट्याच्या पोटाला तेवढे पुष्कळ होते.

पेटी उघडल्यावर पहिली गाठ पडते ती लाकडी ठोकळ्यांशी. निळे फ्रेंच, लाल इंग्रज, तपकिरी पोर्तुगीज असे तीनशेहून अधिक ठोकळे आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना चिकटवायची चित्रे. मुंजीच्या पत्रिकांवर टपाल तिकिटे चिकटवत रात्री जागवलेल्या पिढीला हे काम नवे नाही. तरीही पूर्ण दोन संध्याकाळी आणि एक चिमटा त्यात खर्ची पडला. चित्र जरा वाकडे बसले तर पलटण जन्मभर तिरकी उभी राहते. मात्र एकदा हे काम संपले की ठोकळ्यांचा एक मोठा गुण लक्षात येतो: पंखा कितीही वेगाने फिरत असला तरी फौज जागची हलत नाही. पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचे अन्य खेळ ज्यांनी मे महिन्यात खेळले आहेत, त्यांना या गुणाचे मोल सांगावे लागणार नाही.

पटावर १३ बाय ९ षटकोनी घरे आहेत आणि दोन तुटक रेषांनी त्याच्या डावी, मधली आणि उजवी अशा तीन फळ्या पाडल्या आहेत. टेकड्या, झाडी, नद्या, गावे यांचे सुटे षटकोन लढाईच्या आराखड्याप्रमाणे वर ठेवायचे असतात. आपल्या पाळीला खेळाडू हातातील एक पान खेळतो. ते पान बहुधा एखाद्या फळीतील ठरावीक पलटणींना हुकूम देण्याची मुभा देते. काही पाने संगीनहल्ला, घोडदळाची चाल अशा विशेष डावपेचांची असतात. हुकूम मिळालेल्या पलटणी सरकतात, मग लढतात आणि शेवटी नवे पान उचलले जाते. फाशांच्या सहा बाजूंपैकी दोनांवर पायदळ, एकेकीवर घोडदळ, तोफ, तलवारी आणि निशाण असते. समोर पायदळ असेल तर पायदळाचे चित्र म्हणजे एक ठोकळा बाद. तलवारी लागू होतात त्या फक्त हातघाईत. आणि निशाण पडले की त्या पलटणीने माघार घ्यायची. मागे जायला जागा नसेल तर माघारीऐवजी ठोकळा जातो.

इतके नियम समजले की खेळता येते. मात्र हा खेळ नेपोलियनच्या काळाचा ठरतो तो पुढच्या बारकाव्यांमुळे. पलटणीत जितके ठोकळे उभे आहेत तितकेच फासे तिला मिळतात, त्यामुळे मार खाल्लेली पलटण नुसती मरणाच्या जवळ जात नाही, ती निरुपयोगीही होत जाते. चालून आलेले पायदळ निम्म्या जोराने गोळीबार करते. इंग्रजांची नेहमीची पलटण जागेवर उभी राहून गोळीबार करत असेल तर तिला एक फासा जादा मिळतो, तर फ्रेंचांना तो जादा फासा समोरच्या पायदळाशी हातघाई करताना मिळतो. या एका फाशाच्या फरकामुळे दोन्ही फौजांचे स्वभाव वेगळे होतात. इंग्रज टेकडीवर ठाण मांडून बसतात, फ्रेंचांना ती टेकडी चढावी लागते, आणि कोणी समजावून न सांगता खेळणाऱ्याचा हातच ते शिकतो. एकट्याने दोन्ही बाजू खेळणाऱ्याला याचा लाभ समोरासमोर खेळणाऱ्यांपेक्षा अधिक होतो असे मला वाटते, कारण अर्ध्या तासापूर्वी ज्या टेकडीवरून मी निर्धास्तपणे गोळ्या झाडत होतो, तीच टेकडी मला आता खालून चढायची असते.

या खेळाचा गाभा मात्र चौकोनी व्यूहाच्या नियमात आहे, आणि एकट्याने खेळताना तोच सर्वांत चांगला चालतो. शत्रूचे घोडदळ अंगावर आले की पायदळाला चौकोन करून उभे राहण्याची मुभा असते. चौकोनावर चाल करणाऱ्या घोडदळाला, त्याचे कितीही स्वार शिल्लक असोत, एकच फासा मिळतो आणि चौकोन निशाणांना दाद देत नाही. याची किंमत अशी की बचाव करणाऱ्याच्या हातातील एक पान न बघता काढून शेजारच्या पट्टीवर पालथे ठेवले जाते आणि चौकोन मोडेपर्यंत ते परत मिळत नाही. शिवाय चौकोनात उभी पलटण हलू शकत नाही आणि तिलाही एकाच फाशाने लढावे लागते. म्हणजे घोडदळाने एकही माणूस मारला नाही तरी सेनापतीचा एक पर्याय त्याने हिरावून घेतलेला असतो. सैन्य भयाने गोठते म्हणजे काय होते, हे एवढ्या साध्या युक्तीने दाखवणारा दुसरा नियम माझ्या पाहण्यात नाही. आणि पान न बघताच काढायचे असल्यामुळे समोर माणूस नसला तरी काही बिघडत नाही. मी त्या हातातील पाने पालथी घालून पिसतो आणि एक उचलतो.

वॉटर्लूची लढाई मांडली तेव्हा हे फार प्रकर्षाने जाणवले. १८ जून १८१५ च्या दुपारी मार्शल ने याने फ्रेंच घोडदळाच्या लाटांमागून लाटा इंग्रजांच्या चौकोनांवर घातल्या. चौकोन फुटले नाहीत, आणि पायदळ व तोफा वेळेवर जोडीला आल्या नाहीत म्हणून ते सारे शौर्य वाया गेले, हे आपण वाचलेले असते. टेबलावर मी निळ्या घोडदळाने उजव्या फळीत तीन लाल पलटणींना चौकोन करायला लावले, तेव्हा पाळी फिरल्यावर इंग्रजांच्या हातात उरलेल्या पानांत त्या फळीसाठी एकही हुकूम नव्हता. पुढच्या फ्रेंच पाळीला घोडदळाच्या जोडीने तोफा पुढे आणल्या आणि दोन चौकोन उधळले गेले. ने याला हे का सुचले नाही, असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. माझ्या हाती योग्य पान होते आणि मला सगळे मैदान वरून दिसत होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नियमपुस्तिकेत हा दोघांचा खेळ आहे. समोरच्या फौजेला आपोआप चालवणारी यंत्रणा पेटीत नाही. ठोकळ्यांच्या दोन्ही बाजूंना चित्रे असल्यामुळे पटावर काहीच लपलेले नसते, लपलेली असतात ती फक्त हातातील पाने. त्यामुळे एकट्याची सारी अडचण पानांभोवती एकवटते. मी प्रथम दोन्ही हात उघडे ठेवून खेळून पाहिले आणि तो प्रकार तीन-चार डावांत सोडून दिला. फ्रेंचांच्या डाव्या फळीत हुकुमाचे पान नाही हे इंग्रज सेनापतीला ठाऊक असेल तर तो तिथून बिनदिक्कत माणसे हलवतो, आणि खेळातील सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे समोरच्याच्या मनाचा अंदाज बांधणे, तिथेच संपते.

दुसरा मार्ग फासे टाकून पान निवडण्याचा. एक बाजू माझी, दुसरीची तीन पाने उलटायची आणि फासा सांगेल ते खेळायचे. यात प्रतिस्पर्धी मिळतो, पण तो वेडसर असतो. मध्येच शहाण्यासारखी चाल करतो आणि पुढच्याच पाळीला आपली रक्षक पलटण नदीत उभी करतो.

शेवटी जो मार्ग स्थिरावला तो टपालाने बुद्धिबळ खेळणाऱ्या जुन्या मंडळींच्या रीतीसारखा आहे. सकाळी चहा झाल्यावर फ्रेंचांची पाळी, रात्री जेवणानंतर इंग्रजांची. पाळी संपली की त्या बाजूची पाने पालथी घालून डबीत बंद करायची आणि दुसऱ्या बाजूची डबी तिची वेळ येईपर्यंत उघडायची नाही. मधल्या बारा तासांत कार्यालय, वाहतूक आणि भाजी यांनी डोके इतके भरते की सकाळच्या हातात नेमके काय होते हे रात्रीपर्यंत धूसर होते. पूर्ण विसर पडत नाही हे खरे, पण सेनापतीला शत्रूविषयी अर्धवट बातमी असावी इतपत धूसरपणा येतो, आणि तो मला पुरेसा वाटतो. दोघांत तासाभरात संपणारी लढाई अशा रीतीने दोन आठवडे चालते. ज्यांना हे फार संथ वाटेल त्यांनी हा खेळ एकट्यासाठी घेऊ नये.

या रीतीलाही एक पान पुरून उरते. ‘फर्स्ट स्ट्राइक’ हे पान शत्रूच्या पाळीत खेळायचे असते. तो हातघाईला आला की त्याच्या आधी आपण वार करायचा. समोर माणूस असताना त्याची धास्ती प्रत्येक हल्ल्यात असते. एकट्याने खेळताना एक तर ते हातात असल्याचे आपल्याला आठवते आणि आपण हल्लाच टाळतो, किंवा ते विसरतो आणि वेळ येते तेव्हा डबी बंद असते. मी त्या नावाची पाने गड्डीतून काढून ठेवली आहेत. नियमांच्या दृष्टीने हा गुन्हा आहे, पण त्याने डावाचा तोल ढळल्याचे मला दिसले नाही. चौकोन करायचा की नाही, हा निर्णयही खरे तर शत्रूच्या पाळीतच घ्यावा लागतो. तेथे मी पटावर जे दिसते तेवढ्यावरून ठरवतो आणि मन द्विधा असेल तर फासा टाकतो.

दोन आठवडे पट मांडून ठेवायचा तर घरातील टेबल अडते, याची कल्पना घेणाऱ्याला असावी. मी बोहरी आळीतून पटाच्या मापाचा ॲक्रिलिकचा पत्रा कापून आणला आणि जमिनीच्या षटकोनांवर ठेवला, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत पुठ्ठ्याचे ते तुकडे कडेने उचलले जातात आणि मग टेकडीवरची पलटण डुगडुगते. ठोकळ्यांवर मात्र झाकण घालता आले नाही. एके दिवशी सकाळी पटाशी बसलो तर इंग्रजांचे दोन ठोकळे फ्रेंच तोफांच्या मागे दिमाखात उभे होते. चौकशी केली तेव्हा कामाच्या मावशी म्हणाल्या, “काका, फडकं मारताना ते लाल दोन खाली पडले, मग मी मोकळी जागा बघून ठेवून दिले.” जागा त्यांनी खरोखरच चांगली निवडली होती, तिथून फ्रेंचांचा सगळा तोफखाना कापता आला असता. तेव्हापासून प्रत्येक पाळीनंतर पटाचे छायाचित्र काढून ठेवतो.

पुण्यात बसून हा खेळ खेळताना एक गोष्ट मनातून जात नाही. पेटीतील लढायांचा आरंभ होतो रोलिसापासून, म्हणजे १७ ऑगस्ट १८०८ रोजी पोर्तुगालमध्ये सर आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने फ्रेंचांशी दिलेल्या झुंजीपासून. हाच वेलस्ली पाच वर्षांपूर्वी, २० एप्रिल १८०३ रोजी, दुसऱ्या बाजीरावाला गादीवर परत बसवण्याच्या मोहिमेत पुण्यात दाखल झाला होता, आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी भिडला होता. आपली सर्वोत्तम लढाई कोणती, असे वॉटर्लूनंतर विचारले असता त्याने असईचेच नाव घेतले होते. तेव्हा युरोपातील वाचकाला वेलिंग्टन रोलिसात भेटत असेल, आपल्याला तो आधीच भेटलेला असतो.

म्हणून याच ठोकळ्यांवर असई मांडून पाहिली. कैलना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातील ते रण पटावर सुरेख बसते. शिंद्यांच्या कवायती पलटणी द बोआन्य या युरोपीय सेनानीच्या शिस्तीत वाढलेल्या आणि त्या दिवशी पोलमन या हानोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली लढत असल्यामुळे त्यांना फ्रेंचांचे निळे ठोकळे दिले. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोरच्या काठांवर दिसतात त्याअर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, हा वेलस्लीचा प्रसिद्ध तर्क पटावर एका षटकोनाचा प्रश्न होऊन बसतो. खरी मौज पुढे आहे. वेलस्ली बगलेवर उतरला हे पाहताच पोलमनने पायदळाची सगळी रांग काटकोनात वळवून त्याच्यासमोर आणली आणि इंग्रजांची पंचाईत केली. मी हे पटावर करू गेलो तेव्हा चार पाळ्या गेल्या तरी रांग अर्धीच वळली होती. कधी मधल्या फळीचे पान नाही, कधी उजव्या फळीत दोनच पलटणींना हुकूम. त्या पलटणी किती घोटून तयार केलेल्या होत्या, हे मला वर्णने वाचून कळले नव्हते इतके त्या अडखळण्यातून कळले. सुमारे १,६०० माणसे मारली जाऊन व जखमी होऊन वेलस्लीच्या लहानशा फौजेचा लचका तोडला गेला, यात मग नवल वाटत नाही.

खेळाची मर्यादाही इथेच उघडी पडते. असईला शिंद्यांच्या गोलंदाजांपैकी काही जण मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर त्यांनी पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. या खेळात तोफेचा ठोकळा उचलला की तो गेलाच. एकूणच, गोंधळ, अफवा, धुराने झाकलेले मैदान यांचे सारे काम या खेळाने पानांवर सोपवले आहे, आणि पाने कधी कधी अन्यायाने वागतात. ज्या फळीत लढाई पेटली आहे तिचे पान सलग तीन-चार पाळ्या न येणे हे दोन माणसांत हसून घालवता येते. एकट्याला, तेही दिवसाला एक पान येत असताना, फार रुक्ष वाटते. तसेच, प्रत्येक लढाई स्वतंत्र आहे. एका लढाईतील तोटा पुढच्या लढाईत घेऊन जाणारी मोहीम पेटीत नाही, आणि एकट्याने खेळणाऱ्याला तशी सलगता हवीशी वाटते. मी वहीत हिशेब ठेवून काम भागवतो.

घेण्याविषयी थोडेसे. परदेशातून मागवल्यास खेळाच्या किमतीच्या जोडीला टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून चालावे. माझी पेटी एका विक्रेत्याकडून आली ती एक कोपरा चेपून आली, पण आतील लाकडाला काही झाले नव्हते. पुरवण्यांपैकी पहिली कोणती घ्यावी असे विचारले तर, एकट्याने खेळायचे असेल तर सहा महिने कोणतीच घेऊ नये. ज्यांना समोर यंत्राने चालणारा शत्रू हवा आहे त्यांनी मुळातच एकट्यासाठी रचलेला दुसरा खेळ पाहावा. ज्यांना दोन्ही तंबूंत आळीपाळीने बसायला आवडते, आणि रात्री इंग्रजांकडून जिंकताना सकाळच्या फ्रेंच सेनापतीविषयी थोडी हळहळ वाटू शकते, त्यांनी टेबल रिकामे करावे.

माझ्या टेबलावर सध्या रोलिसा पुन्हा मांडलेली आहे. फ्रेंच त्यांचा तिथला सेनापती डेलाबोर्द याच्या मूळ रीतीप्रमाणे एकेक ठाणे सोडत मागे सरकत आहेत, त्यांच्या मागच्या टेकडीवर तोफेचा एक ठोकळा शिल्लक आहे, आणि आज रात्रीची डबी इंग्रजांची आहे.